अंगाचा रंग



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. लग्नानंतर शिक्षण सुटले, दोन्ही मुले शाळेत जातात, दुपार मोकळी असते, चित्रकलेत हात बरा आहे. घरच्या घरी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग काढावा असे मनात आहे, पण जागा म्हणजे एकच खोली आणि भांडवल नाही, तेव्हा काय काय लागेल ते सविस्तर लिहावे, अशी त्यांची विनंती. त्यांना एकट्यांना टपालाने उत्तर धाडण्यापेक्षा येथेच लिहितो, म्हणजे आणखी चार घरी उपयोग होईल.

आम्ही दोघे, म्हणजे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आणि एक निवृत्त बालवाडीताई, भुसावळला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत असा वर्ग नऊ वर्षांपासून चालवतो. त्याला कुणी 'स्टुडिओ' म्हटले की आम्हाला हसू येते. दहा बाय बाराची खोली. सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायचे, दुपारी दिवाण भिंतीला सरकवायचा, सतरंजीवर जुनी चादर, चादरीवर तेच वर्तमानपत्र, की झाला स्टुडिओ. टेबल-खुर्च्यांची अजिबात गरज नाही. पाच-सहा वर्षांचे मूल जमिनीवर पालथे पडून जितके मोकळे चित्र काढते तितके बाकावर बसून काढत नाही, हा आमचा अनुभव.

मुले किती घ्यावीत? सहा. फार तर आठ. आम्ही एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत लोभाने बारा मुले घेतली. त्या महिन्यात आम्ही शिकवले काहीच नाही, फक्त पाण्याचे मग सांडू नयेत म्हणून धावलो. वेळ एक तास पुरे. त्यातली पहिली दहा मिनिटे गप्पांत आणि शेवटची दहा मिनिटे ब्रश धुण्यात जातात, आणि ती वाया जातात असे समजू नका. ब्रश धुऊन, केस बोटांनी सरळ करून, दांडी खाली करून उभा ठेवायला शिकलेले मूल आपल्या वस्तूची किंमत शिकते. ब्रश मात्र मोठे घ्यावेत, आठ किंवा दहा नंबरचे गोल. लहान मुलाला बारीक ब्रश देणे म्हणजे त्याला सुईने जेवायला सांगणे.

रंगांच्या चोवीस-चोवीस बाटल्या घेण्याचे कारण नाही. पोस्टर कलरच्या पाच बाटल्या घ्या: पिवळा, लाल, निळा, पांढरा, काळा. पैसे थोडे जास्त असतील तर दोन प्रकारचे निळे घ्या, कारण सगळे निळे सारखे नसतात. प्रशियन ब्ल्यूमध्ये लेमन येलो मिसळला तर पोपटी-हिरवा झकास निघतो. अल्ट्रामरीनमध्ये तोच पिवळा मिसळला तर हिरवा जरा मळकट होतो. उलट जांभळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि क्रिमसन हीच जोडी बरी. शेंदरी छटेचा लाल घेतला तर जांभळ्याऐवजी चॉकलेटी चिखल हाती येतो. हे आपण आधी घरी करून पाहावे. मुलांसमोर चिखल झाला तरी बिघडत नाही, पण तो का झाला हे सांगता आले पाहिजे.

बाजारचे रंग परवडत नसतील तर गेरू आणि पिवडी अजून मिळते. कुटून, वस्त्रगाळ करून, बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्यावा आणि त्यात कालवावी. काळ्यासाठी दिव्याची काजळी. हळदीचा पिवळा फार सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो. भिंतीवर लावलेले चित्र महिन्याभरात फिके पडते आणि मूल रडते. हळदीत चुन्याची निवळी टाकली की ती लालभडक होते. हा चमत्कार मुलांना जरूर दाखवावा, मात्र चुना आपल्या हातात ठेवावा. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. कागद चिकटवायला मैद्याची खळ घरी शिजवावी, गोंदापेक्षा स्वस्त पडते. कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत मोरचूद कधीही घालू नये. ते विष आहे, आणि पाच वर्षांचे मूल खळ चाखून पाहणार, हे तुम्ही धरूनच चाला. खळ ताजी करावी, दोन दिवसांत संपवावी. टर्पेंटाइन आणि थिनर तर त्या खोलीत येऊच देऊ नये.

आमच्याकडे केळी मुबलक. केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापला की आत सुंदर जाळी दिसते. रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवले तर चंद्रकोरींची रांग उभी राहते. भेंडीचाही ठसा छान येतो. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने ताजे दांडे कापून मुलांच्या हातात दिले. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात जात नाही, हे केळीच्या मुलखात राहूनही आम्हाला सुचले नाही. त्या आठवड्यात सहा मातांनी सहा फ्रॉक-शर्ट आणून दाखवले. तेव्हापासून दांडा आदल्या दिवशी कापून, पुसून ठेवतो आणि मुलांना वडिलांचे जुने शर्ट उलटे घालून यायला सांगतो, बटणे पाठीमागे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा मेणाच्या कांड्या आणि ऑइल पेस्टल माठाशेजारी ठेवाव्या लागतात, नाहीतर हातात विरघळतात.

फीबद्दल एवढेच की फी जरूर घ्यावी. फुकट शिकवले की लोक त्याला खेळ समजतात आणि पाहुणे आले की मुलाला पाठवत नाहीत. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून थोडी घ्यावी, पण कुणी किती दिली हे मुलांना कळता कामा नये. रंग-कागद सगळ्यांना वर्गाचेच द्यावेत. एकाची बारा रंगांची पेटी आणि शेजारच्याची अठ्ठेचाळीस रंगांची, अशी खोली आम्हाला नको.

आता पालकांविषयी. बहुतेक पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, एलिमेंटरीची तयारी करून घ्याल ना?" शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा चांगल्याच आहेत. त्यांच्यामुळे खेड्यापाड्यातल्या मुलांना चित्रकलेचे प्रमाणपत्र मिळते, इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण त्या हायस्कूलच्या मुलांसाठी आहेत. सहा वर्षांच्या मुलाला फुलदाणी आणि फळे सरळ रेषेत काढायला लावणे म्हणजे दात येण्यापूर्वी ऊस देणे होय. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाच्या शिक्षकाने १८९७ साली लहान मुलांसाठी कलावर्ग काढला तो याच आग्रहाने, की मुलांना मोठ्यांची चित्रे उतरवायला लावू नयेत. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या मांडल्या. दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या. चार ते सातपर्यंत डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे. सात ते नऊपर्यंत कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि तिच्यावर ओळीने घर, झाड, माणूस. अभ्यासकांनी पुढे यात दुरुस्त्या सुचवल्या, पण आमच्या सतरंजीवर या पायऱ्या आम्ही रोज पाहतो. आई घरापेक्षा मोठी काढली तर 'प्रमाण चुकले' म्हणू नका. मुलाला जे मोठे वाटते ते तो मोठे काढतो.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पुस्तके वाचलेली, नोकऱ्या केलेल्या. आणि तरीही पुढची चूक आमच्याच हातून झाली. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला खरे म्हणजे आम्हाला हेच सांगायचे आहे, वरचे सगळे त्या कुणालाही विचारू शकल्या असत्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी विषय होता 'माझ्या घरची माणसे'. सात वर्षांची एक मुलगी, तिसऱ्या ओळीत बसणारी, कमी बोलणारी. तिने बाबा, आई, आजी, लहान भाऊ आणि स्वतः असे पाच जण काढले, अगदी ओळीने, हात एकमेकांत गुंतवलेले. मग मेणाच्या कांड्यांच्या डब्यात शोधू लागली. आम्ही म्हटले, "काय हवं ग?" ती म्हणाली, "चेहऱ्याला कोणता देऊ?" आणि आम्ही डब्यातली फिकट गुलाबी कांडी उचलून तिच्या हातात दिली. "हा घे, हा अंगाचा रंग."

तो शब्द आमच्या दोघांतल्या कुणाच्या तोंडून गेला ते येथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्या कांडीला आम्ही दोघेही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो होतो. काही पेट्यांवर तर 'स्किन' असे छापलेलेच असायचे. मुलीने कांडी घेतली. आपल्या मनगटाशेजारी धरली. थोडा वेळ पाहिले. मग विचारले, "ताई, हा कुणाच्या अंगाचा?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच माहिती हवी होती. ही कांडी कुणाची आहे, ज्याची असेल त्याला देऊन टाकू, अशा सुरात. शेजारचा मुलगा म्हणाला, "हिरोईनचा." सगळे हसले, तीही हसली, आणि तिने पाचही चेहरे गुलाबी रंगवून टाकले. सुंदर, एकसारखे, कुणाचेच नसलेले.

त्या रात्री आम्ही वर्गातल्या जुन्या चित्रांचा गठ्ठा काढला. आम्ही प्रत्येक चित्रामागे नाव आणि तारीख लिहून ठेवतो. सात वर्षांची चित्रे. शेकडो माणसे. आई, बाप, शिक्षक, पोस्टमन, रेल्वेचे गार्ड. जवळजवळ सगळी गुलाबी. आमच्या वस्तीत त्या रंगाचा एक माणूस शोधून सापडायचा नाही. ज्या मुलांनी झाडाच्या पानात चार हिरवे ओळखले होते, त्यांनी आपल्या आईचा रंग एकदाही पाहिला नव्हता. आणि पाहू नका असे त्यांना आम्हीच शिकवले होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या 'फ्लेश' नावाच्या कांडीचे नाव १९६२ सालीच बदलून 'पीच' केले होते. आमच्या तोंडातले नाव बदलायला त्यानंतर साठ वर्षे गेली.

पुढच्या रविवारी आम्ही मेणाच्या कांड्यांचा डबा कपाटात ठेवला. प्रत्येकाला पुठ्ठ्यावर पिवळा, लाल, निळा आणि पांढरा असे चार ठिपके दिले आणि सांगितले, आज फक्त आपला हात रंगवायचा. कृती सोपी आहे, लिहून ठेवा. आधी पिवळ्यात लाल घालून नारिंगी करायचा. त्यात निळ्याचा थेंब, अगदी काडीच्या टोकावर मावेल एवढा. लगेच तपकिरी होतो. उजळ हवा तर पांढरा आणि जरासा पिवळा. गडद हवा तर आणखी निळा. काळा घालायचा नाही. काळ्याने रंग गडद होण्याऐवजी राखेसारखा मरतो. प्रत्येक वेळी रंगाचा एक ठिपका मनगटावर लावून पाहायचा. ठिपका दिसेनासा झाला की आपला रंग सापडला.

वाचकहो, आमच्या वर्गातला तो सगळ्यांत शांत तास होता. मुले आपल्या हाताकडे अशी पाहत होती की जणू तो हात त्यांना आजच मिळाला आहे. एकाने शोध लावला की तळहात वेगळा आणि हाताची पाठ वेगळी. दुसऱ्याला कोपराचा रंग वेगळा सापडला. आपल्या मुलीला ठिपका लपवायला चार वेळा निळा घ्यावा लागला. चौथ्या वेळी ठिपका गडप झाला तेव्हा ती ओरडली, "गेला!" वर्गात पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा मोठा ऐकला. मग तिने नवे चित्र काढले, तीच पाच माणसे, आणि आजीसाठी आणखी निळा मागितला.

मंगळवारी तिची आई आली. हातात ते चित्र होते, चार घड्या घातलेले. दारातच म्हणाली, "ताई, पोरगी आधीच रंगानं अशी. शाळेत पोरं चिडवतात तेवढं पुरं नाही का? तुम्ही तिलाच तिच्या हातानं काळी काढायला लावता?"

आम्ही समजावू लागलो. आत्मसन्मान, निरीक्षण, खरा रंग, असे बरेच काही. ती बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सर, भाषण मला पण येतं. चौदा एप्रिलला मी पण बोलते. तुमच्या मुलीचं लग्न जमवताना काय लिहिलं होतं ते सांगा."

ती आमच्याच गल्लीतली. तिला ठाऊक होते. आमच्या मुलीच्या परिचयपत्रात, वर्ण या शब्दापुढे, आम्ही 'निमगोरा' लिहिले होते. मुलगी आईसारखी, सावळी. फोटोवाल्याने चेहरा दोन छटा उजळ करून दिला तेव्हा आम्ही त्याला काही म्हटले नाही. पैसे मोजले आणि सहा प्रती घेतल्या. मुलीने फोटो पाहून विचारले होते, "बाबा, ही कोण?" आम्ही हसण्यावारी नेले होते. जातीची उतरंड नाकारून बाहेर पडलेल्या आपल्या समाजात ही दुसरी उतरंड बायोडाट्याच्या कागदावर बसून घरात आली, आणि आम्ही तिला पाट दिला. वधू-वरांच्या जाहिराती चाळाव्यात आणि 'गोरी' हा शब्द किती वेळा येतो ते प्रत्येकाने आपल्या बोटांवर मोजावे. आमची बोटे पुरली नाहीत.

त्या माउलीला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. "चुकलो," एवढेच म्हणालो. कशात चुकलो ते तिने विचारले नाही. चित्र दिवाणावर ठेवून ती गेली.

दोन रविवार मुलगी आली नाही. आम्ही बोलावणे पाठवले नाही. मूल तिचे, काळजी तिची. ती काळजी खोटीही नाही. मुलाकडची मंडळी पोहे खाऊन काय बोलून जातात हे सावळ्या मुलीच्या आईलाच ठाऊक असते. चित्राने ते थांबणार नाही. आम्ही फक्त त्या दिवाणावरच्या चित्राच्या घड्या ओल्या फडक्याखाली सरळ करून, वर पुस्तके ठेवून ते दाबून ठेवले. कांड्यांच्या डब्यातून ती एक कांडी काढून टाकावी का, यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, फेकून द्यावी. दुसऱ्याचे, रंगाचा काय दोष, गुलाबी फुलाला लागेल. शेवटी कांडी ठेवली, नाव बदलले. आमच्या वर्गात आता तिला 'कण्हेरी' म्हणतात, दारातल्या कण्हेरीच्या फुलाचा रंग म्हणून. 'अंगाचा रंग' असे कुणी नवे मूल म्हणाले की जुनी मुलेच विचारतात, "कुणाच्या अंगाचा?" हा प्रश्न कुठून आला हे त्यांना आता आठवतही नसेल.

त्या डिसेंबरात आम्ही मुलांना अजिंठ्याला नेले. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उजेड मंद असतो. डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीवरून माणसे हळूहळू पुढे येतात. गोरी, गव्हाळ, गडद सावळी, एकाच चित्रात खांद्याला खांदा लावून. माती आणि भुशाच्या गिलाव्यावर पांढरा पातळ थर, त्यावर गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा दूर देशातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना अंगासाठी एकच कांडी पुरली नव्हती. पण आमची ती मुलगी त्या सहलीत होती हे सांगायचे राहिले, आणि ती कशी आली तेही.

तिसऱ्या रविवारी तिला घेऊन तिची आजी आली. सून कामावर गेली होती की तिनेच पाठवले होते, ते आम्ही विचारले नाही. म्हातारी सतरंजीवर मुलांमध्येच बसली. नातीने हट्टाने ते दाबून ठेवलेले चित्र मागितले आणि आजीपुढे धरले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आजीची आकृती सर्वांत गडद होती, मुलीने निळा हात राखून वापरला नव्हता.

आजीने चित्र लांब धरले, जवळ धरले. म्हणाली, "मीच हाय ना ही? मग माह्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

नातीने आजीच्या कपाळाकडे पाहिले, मग रंगांकडे. हिरवा लावला, तो उठून दिसेना. निळा लावला, फार निळा झाला. निळ्यात थोडा हिरवा आणि कणभर काळा घालून पाहिला. आजी कपाळ पुढे करून बसली होती, मूल तिच्या गोंदणाशेजारी ठिपके लावून पाहत होते आणि म्हातारी मधूनच म्हणत होती, "थंड लागते वं."

तास संपला तेव्हा कपाळावर सात ठिपके होते आणि त्यांतला एकही जुळला नव्हता. आजी तशीच उठून, नातीचा हात धरून घरी गेली. पुढच्या रविवारी दोघी पुन्हा आल्या.